लाल दाण्यावरचे काळे डाग

गरिबीत एक वेगळंच समाधान असतं, असं लिहिणारी माणसं मी पुष्कळ वाचली. त्यांतल्या एकेकाला आमच्या लाइनीत एक मे महिना ठेवायला हवा होता. कन्हान नदीच्या पलीकडे मँगनीजच्या खाणीला लागून पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या, त्यांना आम्ही लाइन म्हणायचो. दुपारी पत्रा असा तापायचा की वरून कावळा जरी चालत गेला तरी त्याच्या उड्या मोजता याव्यात. समाधान वगैरे काही नव्हतं. घाम होता, आणि काळी धूळ होती. ती पाण्याच्या माठात असायची, उशीच्या अभ्र्यात असायची, बाबांनी थापलेल्या भाकरीवरसुद्धा तिचे ठसे असायचे. हो, भाकरी बाबाच थापत. खाणीत दरड अंगावर येऊन त्यांचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा आखडला, तेव्हापासून ते घरी आणि माय खाणीवर, अशी आमच्याकडे वाटणी झाली होती. शेजारपाजारचे पुरुष येता-जाता "काय गा, आज कायची भाजी?" असं मुद्दाम मोठ्यानं विचारत. बाबाही तेवढ्याच मोठ्यानं "अंबाडीची, ये जेवाले" म्हणत. त्यांच्या हातची अंबाडी आणि जवसाची चटणी खाल्ल्यावर विचारणारा कुणी पुन्हा हसलेला मी पाहिला नाही. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील, वर कच्चा कांदा. रविवारी वरण-भात. सणाला काय असायचं ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नसायचं.

माय दगड निवडणाऱ्या बायांत होती. सकाळी सात वाजल्यापासून हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा. पन्नास-साठ बाया रांगेनं बसलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात ढिगारा, आणि एकीचाही ठोका दुसरीशी जुळत नाही. त्या गोंगाटातच मी बाराखडी शिकले, पाढे पाठ केले, मॅट्रिक झाले. भोंगा वाजला की सुरुंग लागणार हे कळायचं, मग फळीवरची भांडी थरथरायची आणि बाबा सवयीनं एक हात डब्यांवर ठेवायचे. मायचं काम असं की गोटा उचलायचा, फोडायचा, चांगला माल एकीकडे आणि फालतू दुसरीकडे टाकायचा. चांगला माल काळा, हाताला जड लागतो. फालतूत पांढरी गारगोटी असते आणि लाल दाणे असतात, डाळिंबाच्या दाण्याएवढे, कधी त्याहून बारीक. दाणा राहिला तर अख्खं घमेलं परत यायचं आणि सुपरवायझरच्या शिव्या वेगळ्या. म्हणून लाल दाणा मायच्या नजरेतून सुटत नसे. वीस वर्षं तिनं तेच पाहिलं होतं, सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात, ढगाळलेल्या दिवशी. त्या दाण्याला पुस्तकात गार्नेट म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं. मायला ते कधीच कळलं नाही, आणि तिचं त्यावाचून काहीही अडलं नाही.

मी नागपूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. भूगर्भशास्त्र घेतलं, कारण दगडांचं भय नव्हतं. आमच्या अख्ख्या लाइनीत कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते आणि सांगत राहीन, ज्यांना खटकतं त्यांनी पान उलटावं. फी माफ होती, पण एका अटीवर: एकही वर्ष बुडायचं नाही. वर्ष गेलं की सवलत गेली, सवलत गेली की कॉलेज संपलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मायच्या शेजारी माझ्या नावाचा ढिगारा. सुपरवायझरनं तसं बोलूनही दाखवलं होतं, "पोट्टीले कायले शिकवता, हात चांगले आहेत तिचे."

आता त्या विभागाबद्दल सांगते. एक लांबट खोली, भिंतीपलीकडे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, आणि तिच्यातून खिडकीवाटे वर्षाचे बाराही महिने येणारा सडक्या अंड्यांचा वास. खोलीच्या एका भिंतीशी काचेचं कपाट, त्यात खडक आणि खनिजांचे नमुने, आणि कपाटाला कुलूप. समोरच्या भिंतीवर ओळीनं अठ्ठावीस चौकटी. इंग्रजांच्या काळातल्या कुठल्याशा जाडजूड ग्रंथातली पानं सोडवून कुणीतरी फ्रेम केली होती. दगडांची चित्रं. रेषा छापलेल्या, रंग मात्र एकेका पानावर हातानं भरलेले. खरं तेच सांगायचं तर काम अप्रतिम होतं. मॅलाकाइटचा हिरवा वळसा असा की बोट फिरवावंसं वाटावं, आणि पायराइटचे सोनेरी ठोकळे सोनाराला फसवतील असे. ज्यानं ते रंगवलं तो हाडाचा कारागीर होता आणि त्यानं दगड पाहून रंगवलं होतं. ही अक्कल पुढे त्या खोलीत कुणाला राहिली नाही.

आमच्या विभागप्रमुखांना पोरं तसबीरसर म्हणत. तेच नाव इथे ठेवते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पुण्याकडचं तोंडात न मावणारं मराठी आणि कंबरेला कपाटाची किल्ली. ते कपाट वर्षातून एकदाच, परीक्षेच्या दिवशी, उघडायचं. आम्ही विचारलं, सर, दगड हातात घेऊन पाहू द्या ना. तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आले आहे. ते म्हणाले, "हाताळल्यानं दगड झिजतात. चित्र झिजत नाही." कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दाबला गेलेला दगड बी.एस्सी.च्या तीस पोरांच्या बोटांनी झिजणार! मग आम्ही काय करायचं, तर भिंतीपुढे स्टुलं मांडून चित्रांची चित्रं काढायची. अठ्ठावीस चौकटी, अठ्ठावीस पानं, रंगासकट. सर पान हातात धरायचे, एक डोळा भिंतीवर, एक पानावर, आणि जुळलं की सही. परीक्षेला दगडांवर नंबर चिकटवलेले असायचे, तेही दरवर्षी तेच. सात नंबर गार्नेट, अकरा नंबर गॅलेना. पाठ करून गेलं की झालं. एकदा परीक्षेच्या सकाळी झाडताना सात आणि नऊच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर अर्धा वर्ग नापास झाला होता, असं प्रयोगशाळेचे परिचर लक्ष्मणकाका सांगत आणि सांगून तंबाखू चोळत हसत.

तर त्या चित्रांवर काळे डाग होते. घाण नव्हे, बरं का. व्यवस्थित, आकारबद्ध डाग. गार्नेटच्या प्रत्येक लाल दाण्यावर, डाव्या अंगाला, एक काळा ठिपका. पायराइटच्या ठोकळ्यांच्या कडांना काळ्या रेघा. मॅलाकाइटच्या फुगवट्यांवर काळे पट्टे. आम्ही तेही इमानानं काढायचो, आणि सर ते शिकवायचेही. "हे अंतर्भूत अशुद्ध द्रव्य. आदर्श नमुन्यात ते ठळक दिसतं. कपाटातले नमुने सामान्य प्रतीचे, त्यांत दिसणार नाही." हे वाक्य आमच्या वह्यांत होतं, आमच्या आधीच्या पोरांच्या वह्यांत होतं, आणि त्यांतले काही जण पुढे स्वतः मास्तर झाले होते. म्हणजे ते डाग आणखी किती गावांत पोचले असतील, देव जाणे.

आजकाल असली जुनी चित्रं पोरीबाळी फोनवर पाहतात, "किती सुंदर ना" म्हणून एकमेकींना धाडतात. नागपूरच्या सदर भागात एका दुकानात मी ती छापून, चौकट करून विकायला ठेवलेली पाहिली. सुंदर आहेतच. पण भिंतीवर दगडाचं चित्र लावणाऱ्या त्या बाईला विचारा, हा दगड हाताला कसा लागतो? जड की हलका? दिवाणखान्यात दगड ठेवला तर पाहुणे हसतील, चित्र ठेवलं तर रसिक म्हणतील. असो.

गार्नेटचं पान मी रविवारी घरी रंगवत होते. दारापुढच्या सावलीत पाट टाकलेला, शेजारी बाबा अंबाडी निवडताहेत, माय केस सुकवत बसलेली. ती मान लांबवून पाहायला लागली.

"हा आपला लाल दाणा ना वं?"

"गार्नेट म्हणतात माय."

"म्हणत असतीन. हे काळं काय लावून राहिली त्याच्यावर?"

"असतं ते. अशुद्ध द्रव्य असतं."

"कुठं असते?"

"चित्रात आहे ना."

माय हसली. तिचं हसणं म्हणजे नाकातून निघालेली फुंकर. "दाण्यावर ऊन पडलं का तिथं चमकते, बापा. तू चमकते तिथंच काळं काहून लावून राहिली?"

आणि मी, तिच्या जिवावर शिकणारी, तिला काय म्हणाले? "हे शास्त्र आहे माय. तुझा फालतू माल नाही." आज ते आठवलं की माझीच मला किळस येते. दोन वर्षं तसबीरसरांच्या समोर बसून मी त्यांचीच झाले होते. माय उठली, खोलीमागच्या ढिगातून मुठीएवढा गोटा घेऊन आली आणि माझ्या पानावर ठेवला. त्यात लाल दाणे खचाखच होते. बाबा म्हणाले, "पाह्य तरी. पाहाले काय पैसे पडते?"

पाहिलं. गोटा सावलीतून उन्हात धरून फिरवला. प्रत्येक दाण्यावर, डाव्या अंगाला, जिकडून ऊन येत होतं तिकडे, पांढरा लखलखीत ठिपका. नेमका त्या जागी, त्या आकाराचा, जिथे मी काळा रंग भरत होते.

मी पान फाडलं. नवं काढलं, त्या गोट्याकडे पाहून, आणि चमक होती तिथे कागद कोरा ठेवला. मग बाकीची राहिलेली पानंही तशीच केली, डागाच्या जागी कोरा कागद. वही सरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी चार पानं उलटली आणि प्रत्येकावर लाल शाईची तिरपी रेघ मारली.

"डाग कुठे आहेत?"

"सर, ते डाग नाहीत. ती चमक आहे. दगडावर तिथे—"

"तुम्ही दगड केव्हा पाहिला?"

"घरी. आमच्याकडे पडलेले असतात."

वर्ग हसला. सरही हसले, पेनाचं टोपण लावत. "खाणीतल्या बाया आता आपल्याला खनिजशास्त्र शिकवणार. पुन्हा काढा, सगळी. सोमवारपर्यंत. नाहीतर वहीवर सही नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही, हे ठाऊक असेलच. आणि हो, पालकांना घेऊन या."

पुन्हा काढायला काय हरकत होती? काहीच नाही. काळे ठिपके द्यायला एक दुपार पुरली असती. हुशार मैत्रिणींनी तसंच सुचवलं. मी घरी सांगितलं तेव्हा बाबाही म्हणाले, "दे न मारून ठिपके, पोरी. वर्ष तर वाचते." मायनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "खोटं काढलं तर पास, अन् खरं काढलं तर नापास? हे कोणतं कालेज म्हणावं?" तरी शनिवारी सकाळी मी ब्रश आणि काळा रंग घेऊन कॉलेजात गेले. ठिपके द्यायलाच गेले होते. लपवत नाही.

लक्ष्मणकाकांनी गार्नेटची चौकट भिंतीवरून उतरवलेली होती. मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली होती. ते टेबलावर चौकट उलटी ठेवून खिळे काढत होते. पुठ्ठा निघाला, काच निघाली आणि चित्राभोवती चिकटवलेली जाड कागदाची पट्टी एका बाजूनं सुटून आली. त्या पट्टीखाली आजवर झाकलेले दोन लाल दाणे होते. त्यांच्यावरचे ठिपके पांढरे होते. दुधासारखे. आणि तिथून बोटभर अंतरावर, उघड्यावर राहिलेल्या दाण्यांवर काळे.

मी तशीच उभी राहिले. पलीकडून वास येत होता, तोच, सडक्या अंड्यांचा. आणि मला चार दिवसांपूर्वीचा रसायनाचा तास आठवला. हा वास ज्याचा, तो वायू ओळखायचा कसा? शिशाच्या द्रावणात भिजवलेला कागद त्यावर धरायचा, काळा पडतो. दरवर्षी प्रत्येक पोरगा हे करतो आणि विसरतो. जुन्या काळी पांढरा रंग शिशाचा करत. त्या कारागिरानं प्रत्येक दाण्यावर चमक दाखवायला शिशाच्या पांढऱ्याचा एक थेंब ठेवला होता. आणि आमच्या कॉलेजनं वर्षानुवर्षं त्याच्यावर तो वायू सोडून त्याची सगळी चमक काळी केली होती, आणि मग त्या काळ्यावर व्याख्यानं दिली होती.

"काका," मी म्हटलं, "याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं तर हे पुन्हा पांढरं होतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकात तर लई काही आहे," काका म्हणाले. "माह्या नोकरीवर पाय देशील पोरी."

मी ब्रश आणि रंग तसाच पिशवीत टाकला. त्या दिवशी एकही ठिपका दिला नाही.

सोमवारी माय आली. एक खाडा करून, धुतलेलं लुगडं नेसून. हात मात्र काळेच, ते कुठल्याच साबणाला निघत नसत. सरांनी तिला बसा म्हटलं नाही. सुटलेल्या पट्टीची चौकट टेबलावरच होती. मी आधी ती पट्टी उचलून दाखवली. सरांनी पाहिलं, आणि माणूस कुठल्या थराला जाऊ शकतो बघा, म्हणाले, "ती छपाईतली चूक आहे. कडेचे ठिपके रंगवायचे राहिले."

"साहेब," माय म्हणाली, "माह्या जिंदगीत म्या असा दाणा नाही पाह्यला. वीस वर्सं झाले. दाणा असा काळा राह्यला असता तर काळ्या मालात सुटून गेला असता, अन् माह्या सुपरवायझरनं मले हाकलून देल्लं असतं."

"बाई, हे शास्त्र आहे."

"हो, पोट्टीनं सांगतलं मले," माय म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात लक्ष्मणकाका आत आले. त्यांनी टेबलावर पेरॉक्साइडची तपकिरी बाटली ठेवली आणि शेजारी काडीला गुंडाळलेला कापूस. पलीकडच्या प्रयोगशाळेतून आणलं होतं. मग ते भिंतीला पाठ टेकून उभे राहिले, जशी काही ती वस्तू आपोआप तिथे आली. मी सरांना म्हटलं, "एकच ठिपका, सर. पांढरा झाला नाही तर मी सगळी पानं पुन्हा काढीन आणि माफी मागीन." सर "हात लावायचा नाही, ही सरकारी मालमत्ता आहे" म्हणेपर्यंत कापूस टेकला होता. दोन वर्षं जो हात खाणीवालीचा म्हणून मी कॉलेजात लपवत आले होते, सुपरवायझरला आवडणारा तो हात, त्या दिवशी अजिबात हलला नाही.

लगेच काही झालं नाही. मिनिटभर ठिपका काळाच. सर घड्याळाकडे पाहू लागले. माय वाकून पाहत होती, म्हणाली, "थांबा न साहेब, चहाले पण आधण येऊ द्या लागते." मग काळ्याचा तपकिरी झाला. तपकिरीचा राखाडी. मी कापूस पुन्हा ओला करून टेकवला. आणि एक वेळ अशी आली की त्या लाल दाण्यावर ऊन पडलं. दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत. सपाट डाग होता तो उठून गोल झाला, दाणा कागदातून वर आला.

"हं," माय म्हणाली. "हा आहे आपला दाणा."

सरांचा चेहरा मी मुद्दाम निरखून पाहिला. वाटलं होतं, शिकवणारा माणूस आहे, निदान एकदा तरी "अरे!" म्हणेल. ते म्हणाले, "लक्ष्मण, चौकट बंद करा. बाकीच्या कशालाही हात लावायचा नाही." मग माझी वही ओढली, स्वतःच्याच लाल रेघांवरून सही केली, आणि शेवटच्या पानावर शेरा मारला: 'नीटनेटकेपणा कमी.' दहापैकी चार गुण. बाहेर आल्यावर मायनं विचारलं, "झाली सही?" मी हो म्हटलं. "मंग चाल, अर्धा दिवस तरी भरतो," असं म्हणून ती बस पकडायला झपाझपा निघाली.

पुढच्या वर्षी खालच्या वर्गातल्या पोरांच्या वह्या मी चाळल्या. गार्नेटच्या पानावर प्रत्येकानं तीसेक काळे ठिपके काढले होते आणि नेमका एक पांढरा. सर त्याचंही स्पष्टीकरण देत होते म्हणे. काय देत होते ते मी विचारलं नाही, माझ्यानं हसू आवरलं नसतं. माणसाला एकदा न पाहण्याची सवय लागली की त्याच्या डोळ्यांदेखत काळ्याचं पांढरं झालं तरी तो वहीत नोंद करून पुढे जातो. असे लोक मला नोकरीत पुढे पुष्कळ भेटले. खुर्च्या मोठ्या होत्या त्यांच्या.

त्याच शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्यापुढे दोन गोटे ठेवले, नंबर नसलेले, त्यांच्याच पिशवीतले. मी उचलले, हातात तोलले, खिडकीशी नेऊन फिरवले आणि नावं सांगितली. दोन्ही बरोबर होती. त्या उन्हाळ्यात निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली, आणि त्या दोन्ही लाइनींतलीही पहिली.